नजर तयार झाली की बिघडली?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. दोन वर्षं तू संध्याकाळच्या व्यक्तिचित्रणाच्या वर्गाला जातोस. घरी मोठ्या भावासाठी स्थळं बघणं चालू आहे. आई आणि मावशी ज्या फोटोला ‘काय सुरेख आहे’ म्हणतात तो तुला सपाट वाटतो, आणि ज्याला ‘बरी आहे’ म्हणून बाजूला सारतात तो तुझ्या हातातून सुटत नाही. आता घरात ‘याला काही विचारूच नका’ असं झालंय. म्हणून तुझा प्रश्न, की चित्रकलेने माझी नजर तयार झाली की बिघडली?

मी बडोद्यात ३५ वर्षं माणसांचे चेहरे काढते आणि काढायला शिकवते. नजर बिघडलेली नाही, एवढं आधी सांगते. पण ती मावशीच्या नजरेपेक्षा वरच्या दर्जाची झाली असं मनात असेल तर तेही काढून टाक. तुझ्याकडे आता दोन काटे आहेत आणि तू एकावर ठेवलेल्या मालाचं वजन दुसऱ्यावर वाचतोयस. ‘चेहरा छान आहे’ हा एक काटा. ‘चेहरा काढावासा वाटतो’ हा दुसरा. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे पहिलाच होता, त्यामुळे भांडण नव्हतं.

पहिला काटा सगळ्यांकडे असतो आणि तो फार झटपट चालतो. प्रिन्स्टनच्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग दाखवले आणि देखणेपणापासून विश्वासूपणापर्यंत मतं विचारली. भरपूर वेळ देऊन विचारलेल्या मतांशी ती चांगलीच जुळली. वेळ वाढवून दिला तेव्हा वाढली ती मुख्यतः आपल्या मताबद्दलची खात्री. मावशी फोटो हातात घेते आणि खाली ठेवते, तेवढ्यात तिचं काम खरंच झालेलं असतं. तुझंही होतं. फरक इतकाच की तू फोटो खाली ठेवत नाहीस.

हे न ठेवणं कुठून आलं ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

आमच्याकडे मॉडेल म्हणून बसायला एक बाई येत. खंडेराव मार्केटच्या बाहेर भाजी विकायच्या, वय सत्तरच्या आसपास, गुजराती बोलणाऱ्या. पहिल्या बैठकीला १४ मुलं होती. तासाभराने सगळे बोर्ड भिंतीला टेकवून बघितले तर १४ वेगवेगळ्या बायका, आणि त्यातल्या एकही त्या नव्हेत. पण चुका मात्र सगळ्यांच्या सारख्या. डोळे वर चढलेले, कपाळ दोन बोटांचं, नाक आखूड, आणि सुरकुत्या अगदी मोजून काढलेल्या, ट्रामचे रूळ टाकावेत तशा.

डोळे वर का चढतात? डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत माप घेतलंस तर डोळ्यांची रेघ जवळजवळ बरोबर मधोमध येते. आरशासमोर पेन्सिल धरून बघ, खोटं वाटेल. आपण माणसाशी बोलताना त्याचे डोळे आणि तोंड बघतो; कपाळाच्या वर काय आहे त्याकडे कोणी बघत नाही. रशियन शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बस यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी चेहरा बघताना नजर कुठे कुठे फिरते याच्या नोंदी घेतल्या होत्या. त्या रेघांचं जाळं बघितलं तर डोळे आणि ओठ काळे झालेले आणि बाकी चेहरा जवळपास कोरा. ज्याच्याकडे बघतच नाही ते कागदावर लहान होतं. म्हणून डोळे वर सरकतात. हात कच्चा असतो म्हणून असं होतं हा गैरसमज आहे.

मी मुलांना सुरकुत्या पुसायला लावल्या. पुट्टी रबर घेऊन सगळ्यांनी तोंड वाकडं करत पुसल्या. मग डोळे बारीक करून बघायला सांगितलं, इतके बारीक की नाक, डोळे वेगळे दिसू नयेत, फक्त उजेडाचे आणि सावलीचे तुकडे उरावेत. खिडकी डावीकडे होती. बाईंच्या कपाळाचं हाड भुवईच्या बाहेरच्या टोकापाशी कुठे वळतं, तिथे उजेड कसा तुटतो, गालाच्या हाडाखाली सावली सुरू होते ती कानाच्या पाळीपर्यंत सलग जाते की मध्ये अडते. ओळंबा धरून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली रेघ टाकली तर ती नाकपुडीच्या आत पडते की बाहेर. तिसऱ्या बैठकीला एक मुलगी, जी पहिल्या दिवशी ‘मॅडम, कोणी तरुण मॉडेल नाही का’ म्हणाली होती, ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “यांचा वरचा ओठ काय सुंदर वळतो हो!”

बाईंनी त्या दिवशी उठून तिचा बोर्ड बघितला. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “कान तो मारा ज छे.” कान तर माझेच आहेत. बाकी चेहऱ्याबद्दल त्यांनी काहीच मत दिलं नाही. जड कुड्यांनी ओघळलेल्या त्या पाळ्या मुलीने खरंच नेमक्या पकडल्या होत्या.

तर त्या मुलीचं काय झालं? तिची अभिरुची तीन दिवसांत बदलली असं मी म्हणणार नाही. ती बघत राहिली, आणि बघत राहिल्यावर तिला असं काही सापडलं जे पहिल्या क्षणाच्या मतात नव्हतंच. व्यक्तिचित्रणाचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हीच सक्ती. बैठक दोन तासांची असते, मध्ये उठून जाता येत नाही.

यावर प्रयोगशाळेतही काम झालंय. लंडनचे चित्रकार हम्फ्री ओशन यांच्या डोळ्यांची हालचाल जॉन चालेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्र काढता काढता नोंदवली. ओशन एका वेळी मॉडेलच्या चेहऱ्यावरचा एकच बिंदू गाठत, तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत आणि मग कागदाकडे वळत. नवशिक्यांची नजर मात्र एका फेरीत अनेक ठिकाणी उड्या मारते. याच ओशन यांना स्कॅनरमध्ये झोपवून चेहरे काढायला लावले, तेव्हा चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग त्यांच्यात कला न शिकलेल्या माणसापेक्षा कमी उजळला आणि पुढचा भाग जास्त. एक चित्रकार आणि एक बिगरचित्रकार यांच्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण माझ्या अनुभवाशी ते जुळतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका चेहऱ्याचा वरचा अर्धा आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा जोडला की आपल्याला तिसराच माणूस दिसतो. वरचा अर्धा वेगळा काढून ओळखणं अवघड जातं, कारण चेहरा आपण सबंध गिळतो. चेहरे काढण्याचा सराव असलेल्या कलाविद्यार्थ्यांची या प्रयोगात इतरांपेक्षा कमी फसगत झाली. म्हणजे ते चेहरा थोडा सुटा करून बघू शकत होते.

सुटा करून बघता येणं ही कमाई आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जवळजवळ प्रत्येकाला असा काळ येतो की समोर चेहरे उरतच नाहीत. बसमध्ये समोर बसलेला माणूस म्हणजे एक डोळ्याची खोबण, एक जबड्याचा कोन. मित्र दुःखाचं काही सांगत असतो आणि आपण त्याच्या खालच्या पापणीची जाडी बघतो. माझ्या बाबतीत हा काळ नेमका लग्न ठरायच्या वेळी आला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम, मी शेवटच्या वर्षाला. मुलाकडे बघायचं म्हणून बघितलं आणि त्याच्या कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, तिथेच अडकले. खिडकीतून उजेड असा येत होता की पाळीच्या कडेतून लाली दिसत होती. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. सासूबाईंनी नंतर आईला हळूच विचारलं होतं, “मुलीला कमी दिसतं का हो?” मुलगा देखणा आहे की नाही असं बहिणीने रात्री विचारलं, तर मला सांगताच येईना. लग्न तिथेच झालं. पाळ्या सुट्या आहेत.

तू आता त्याच टप्प्यावर असशील. ‘फोटो सपाट वाटतो’ हे वाक्य मला त्याच टप्प्याचं वाटतं. ते जातं. पाच-सहा वर्षांनी चेहरा पुन्हा सबंध दिसायला लागतो, आणि हवं तेव्हा सुटाही करता येतो. ज्यांना परत येता येत नाही असे काही चित्रकार मी बघितलेत. त्यांची हेड स्टडी, म्हणजे डोक्याचं अभ्यासचित्र, उत्तम असते आणि लाइकनेस, म्हणजे त्या माणसाशी साम्य, कधी येत नाही.

आता तुझ्या प्रश्नात नसलेली, पण मला जास्त काळजीची वाटणारी गोष्ट. शिक्षण नुसतं बघायला शिकवत नाही, ते गुपचूप एक साचाही देतं.

आमच्या पिढीत माणूस काढायच्या आधी प्लास्टरचे कास्ट काढायला लावत. पांढरीशुभ्र ग्रीक मुंडकी. ग्रीक मूर्तीत कपाळ आणि नाक एका सरळ रेघेत उतरतं, मध्ये खाच जवळजवळ नाहीच. चार-सहा महिने रोज तेच काढलं की रस्त्यावरचं प्रत्येक नाक मुळाशी जास्त दबलेलं वाटायला लागतं. हा भासही तपासला गेलाय: गिलियन र्‍होड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की काही मिनिटं मुद्दाम दाबलेले किंवा फुगवलेले चेहरे बघितले तरी ‘नेहमीसारखा’ आणि ‘आकर्षक’ चेहरा कोणता, याचं आपलं माप त्या दिशेला सरकतं. काही मिनिटांत सरकतं, तर सहा महिन्यांत काय होत असेल!

माझ्यावर हे उलटलं ते एका दिवंगत बाईंच्या चित्रात. घरच्यांनी पासपोर्टच्या आकाराचा एक जुना फोटो दिला होता. मी दीड महिना काम केलं, रंग सुरेख लागले, मीच खूश. चित्र न्यायला आलेल्या म्हाताऱ्या जाऊबाई बराच वेळ समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चित्र छान आलंय हो. पण या आमच्या वहिनी नाहीत.” मला राग आला. यांना चित्रातलं काय कळतं, असंही मनात आलं. चित्र त्यांनी नेलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी मी फोटो मोठा करून घेतला, ट्रेसिंग पेपरवर उतरवला आणि माझ्या चित्रावर ठेवला. नाकाची दांडी मी वर उचलली होती. नाकपुड्या दोन्ही बाजूंनी कमी केल्या होत्या. गाल आत घेतले होते. यातलं काहीही मी ठरवून केलं नव्हतं. हातानेच ‘दुरुस्त’ केलं होतं. पुन्हा रंगवलं. त्या जाऊबाईंनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती, पण ४० वर्षं एका स्वयंपाकघरात शेजारी बसून काढली होती. तुझ्या मावशीबद्दल बोलताना हे लक्षात ठेव.

साच्यावर उतारा एकच, दुसरा साचा बघणं, आणि मग तिसरा. याबाबतीत बडोद्यासारखं गाव नाही. एक दिवस काढ. सकाळी राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात जा. रविवर्म्यांची शंतनू-मत्स्यगंधा, नल-दमयंती ही मूळ तैलचित्रं तिथे आहेत, सयाजीराव महाराजांनी करून घेतलेली. उजेड एका बाजूने गालावर येतो, हळूहळू गोलाईवरून निसटतो, पापण्या किंचित जड, खालच्या ओठाखाली मऊ सावली. १८९४ मध्ये त्यांचा छापखाना सुरू झाला आणि छापील चित्रं घराघरात गेली. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी तीच. ‘चेहरा कसा लक्ष्मीसारखा आहे’ असं तुझी आई म्हणते तेव्हा तिला ठाऊक नसतं, पण तीही रविवर्म्यांच्या वर्गात बसलेली विद्यार्थिनीच आहे.

मग कमाटीबागेतल्या संग्रहालयात अकोट्याचे ब्राँझ बघ. विश्वामित्री नदीच्या पलीकडे अकोटा, तिथे १९५१ च्या सुमारास जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास केला. त्यात एक चामरधारिणी आहे, साधारण आठव्या शतकातली. चेहरा गालांपाशी रुंद, डोळे लांब, खालचा ओठ भरलेला, नाकाची दांडी तीक्ष्ण करायचा अट्टहास नाही. ग्रीक मुंडक्यांवर वाढलेल्या डोळ्याला पहिली पाच मिनिटं ती जाड वाटते. पंधरा मिनिटं थांब. आणि दुपारी कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं. तिथे गालावर सावलीच नाही. एका रेघेत पापणी, दुसऱ्या रेघेत भुवई, आणि तरी चेहरा भरलेला. संध्याकाळी सूरसागर तळ्याच्या काठाला बसून माणसं बघ. सकाळी जे चेहरे दिसले नसते ते दिसतील. मी दर वर्षी मुलांना हा फेरा घालायला लावते आणि शेवटी सेवउसळ खायला घालते. उसळीच्या आशेनेच बरेच जण येतात, असू दे.

आपल्या जुन्या ग्रंथांतही प्रमाणं आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चेहरा १२ अंगुळं धरलाय आणि कपाळ, नाक, हनुवटी असे चार-चार अंगुळांचे तीन भाग. पण त्याच ग्रंथात डोळ्यांचे आकार येतात ते मला जास्त भावतात: धनुष्यासारखा डोळा ध्यानात असलेल्याचा, माशाच्या पोटासारखा स्त्रिया आणि प्रेमिकांचा, नीलकमळाच्या पाकळीसारखा शांत माणसाचा. म्हणजे आकार अवस्थेशी बांधलाय. एकच डोळा सुंदर आणि बाकीचे उणे, असं गणित नाही. तिकडे युरोपात जर्मन चित्रकार ड्यूररने आदर्श मापाच्या शोधात आयुष्य घालवलं आणि १५२८ मध्ये त्याचं काम छापलं गेलं त्यात एका आदर्शाऐवजी अनेक प्रकारची माणसं निघाली, जाडी, बारीक, लांबट. १९८५ मध्ये चेहऱ्यांची मापं घेणारे संशोधक लेस्ली फारकस यांनी अभिजात चित्रकारांचे नियम खऱ्या तरुण माणसांच्या चेहऱ्यांवर मोजून बघितले तेव्हा बरेच नियम बहुतेकांना लागूच पडेनात. तीन सारखे भाग, पाच डोळ्यांची रुंदी, ही सुरुवातीला कागदावर रेघा मारून घ्यायची सोय आहे. चेहऱ्यावर सुवर्णगुणोत्तराची जाळी टाकून सौंदर्य मोजणारे व्हिडिओ कोणी पाठवले तर सरळ पुढे जा.

इथल्या विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झाली तेव्हापासून इथे साच्यांची टक्कर होतच आलीय. चित्रकलेला ना. श्री. बेंद्रे होते, मूळ इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. शिल्पाला शंखो चौधुरी, चित्रकलेलाच के. जी. सुब्रमण्यन, हे दोघे शांतिनिकेतनच्या परंपरेतले. आणि १९६२ मध्ये मुंबईहून भूपेन खख्खर आले, पेशाने हिशेबतपासनीस. घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, असे चेहरे त्यांनी काढले, जे कोणत्याच साच्यात बसत नव्हते. त्यांची चित्रं बघितल्यावर रावपुऱ्यातल्या दुकानात सुट्टे पैसे मोजणारा माणूस मला पहिल्यासारखा दिसलेला नाही. देखणा झाला का? नाही. पण नजर त्याच्यावरून घसरून जायची ती थांबली.

आता तुझ्या दोन फोटोंकडे येऊ. पहिला, सगळ्यांना सुरेख वाटणारा, तुला सपाट का वाटतो? दोन कारणं संभवतात. एक, तो चेहरा सरासरीच्या जवळचा असेल. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७८ मध्ये अनेक चेहऱ्यांचे फोटो एकावर एक छापले, त्यात गुन्हेगारांचेही होते, आणि त्याच्या लक्षात आलं की मिश्र चेहरा सुट्या चेहऱ्यांपेक्षा देखणा दिसतो. पुढे ते वारंवार खरं ठरलं. सरासरी चेहरा पहिल्या काट्यावर हमखास वजनदार. पण काढायला घेतलास तर पेन्सिलला पकड मिळत नाही, कारण जिथे तो इतरांपासून सुटतो अशी जागाच कमी. तुझा दुसरा काटा याच जागा मोजतो. म्हणून त्याच्यावर तो चेहरा हलका भरतो. त्या मुलीत काही कमी आहे असा याचा अर्थ लावलास तर ती तुझी चूक.

दुसरं कारण साधं आहे, फोटोच सपाट असेल. स्टुडिओत दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावतात, गाल घासूनपुसून गुळगुळीत करतात; सावली गेली की गोलाई गेली. आणि बाजूला ठेवलेला फोटो मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेला असेल तर तोही खरा धरू नकोस. २०१८ मध्ये केलेल्या गणितानुसार फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मावशीने ज्या नाकासाठी ‘बरी आहे’ म्हटलं ते नाक कदाचित त्या मुलीचं नसेलच, कॅमेऱ्याचं असेल. हे मात्र घरात सांग, उपयोगाचं आहे.

मावशीची नजरही शिकलेलीच आहे, हे विसरू नकोस. २०१५ मध्ये ५४७ जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या आणि २१४ जोड्या भिन्न जुळ्यांच्या घेऊन चेहऱ्यांची आवड तपासली गेली. माणसामाणसाच्या आवडीत जो फरक पडतो तो बहुतांशी रक्तातून आलेला नसतो, ज्याच्या त्याच्या अनुभवातून येतो, असं निघालं. एका घरात वाढलेल्या जुळ्यांच्या आवडीही वेगळ्या. तू दोन वर्षं ओळंबा धरून बघितलंस. मावशीने चाळीस वर्षं लग्नं, बारशी, हळदीकुंकवं बघितली. तिचा साचा तुझ्याइतकाच घडवलेला आहे, फक्त तिने त्याची फी भरली नाही.

एका मोहापासून मात्र लांब राहा. ‘मी चित्रकार आहे, मला चेहऱ्यावरून माणूस कळतो’ असं म्हणणारे आमच्या धंद्यात पुष्कळ. मी शेकडो माणसं समोर बसवली आहेत. भुवईच्या हाडावरून मला उजेड कुठे तुटेल ते सांगता येतं. स्वभाव सांगता येत नाही. एका अत्यंत प्रेमळ चेहऱ्याच्या गृहस्थांनी माझे चित्राचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत.

सरावाचं एक सांगते, ते वर्गात मी सगळ्यांकडून करवून घेते. मॉडेल बसल्याबरोबर, पेन्सिल उचलायच्या आधी, कागदाच्या मागे एक शब्द लिहायचा. सुंदर, थकलेला, उर्मट, साधा, जो सुचेल तो. मग दोन तास काम. शेवटी मागे वळून बघायचं. शब्द बऱ्याचदा तोच राहतो, कधी कधी खोडावासा वाटतो. दोन्ही ठीक. पण तो लिहून ठेवला नसेल तर दोन तासांनंतर पहिला क्षण आठवत नाही, आणि चेहऱ्याची बोटं-खोबणी मोजत बसलेल्या माणसाला वाटतं की आपलं पहिलं मत कधी नव्हतंच. तुझं हेच झालंय असं मला वाटतं. दोन्ही फोटो आठवडाभर लपवून ठेव, मग कोणाला तरी क्षणभर दाखवायला सांग आणि एक शब्द लिही. मावशीशी तुझं बरंच जुळेल.

आणि घरात विचारलं तर पहिल्या काट्यावरचं उत्तर दे. ते भावासाठी स्थळ आहे, तुझ्यासाठी मॉडेल नाही.

तो दुसरा फोटो हातातून सुटत नाही म्हणतोस, तर काढ त्याचं चित्र. फोटो उलटा करून, म्हणजे डोकं खाली, कानापासून सुरुवात कर. पण भाऊ मुलीला प्रत्यक्ष भेटून येईपर्यंत ते त्याला दाखवू नकोस. तू दोन तास ज्या चेहऱ्याकडे बघितलंस त्याची बाजू त्या कागदात घेतलेली असणार, तुला कळलं नाही तरी.